सरासरी सुधारली, पण टेलला पाणी पोचलं का?

दर वर्षा-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात एक चौकट येते: देशातला अर्भक मृत्यू दर घटला. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी किती बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत, तो हा आकडा. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१३ मध्ये तो ४० होता, २०२३ मध्ये २५ वर आला. दहा वर्षांत एवढी घट म्हणजे लहान गोष्ट नाही. पण त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर, मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी असते. ती नव्वदच्या दशकापासून येतेच आहे. वाचणारा गोंधळतो. यातलं खरं काय? मुलं वाचतायत की मरतायत?

दोन्ही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, याचा अभ्यास करणारी एक अख्खी ज्ञानशाखा आहे. तिला आरोग्यातल्या समन्यायाचा अभ्यास म्हणतात. नाव जड आहे, पण ज्याचं शेत कालव्यावर आहे त्याला ती अर्ध्या मिनिटात कळते.

कालव्याचं हेड आणि टेल

माझ्या मामाचं शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची ठरलेली पाळी, सुटलं की सगळ्या गावात 'पाणी सुटलं, पाणी सुटलं' होतं, पण मामा काही उठायचा नाही. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, गावांत ऊस. तिकडची दारं रात्रभर उघडी. मध्ये चारी, म्हणजे शेताकडे जाणारा छोटा पाट, फुटलेली, कुठे कुणी मोटार टाकलेली. आमच्या चारीला पाणी यायचं ते पायाचा घोटा भिजेल एवढं, आणि तोवर आवर्तन संपत आलेलं असायचं. पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाच्या, वहीत मात्र सगळं बरोबर. धरणातून अमुक इतकं पाणी सोडलं, अमुक इतके हेक्टर भिजले, हेक्टरी सरासरी उत्तम. वही खोटी नव्हती. मामाचा सुकलेला गहूही खोटा नव्हता.

देशाचा २५ हा आकडा म्हणजे पाटकऱ्याची वही. जरा आत शिरून बघा. त्याच २०२३ च्या पाहणीत केरळचा दर ५ आहे, तर मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेशाचा ३७. आपल्या महाराष्ट्राचा आकडा २०२० मध्ये १६ होता, पण शहरी भागात ११ आणि ग्रामीण भागात २०. जातीजमातींप्रमाणे वेगळं केलं तर आणखी फट दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जमातींमध्ये दर हजारी सुमारे ४२ बाळं दगावत होती. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी सोडून उरलेल्यांमध्ये २८.

या अभ्यासातली पहिली पायरी एवढीच: सरासरी फोडायची. उत्पन्न, जात, जिल्हा, आईचं शिक्षण, पाड्यापासून रस्त्याचं अंतर अशा चाळण्या लावायच्या आणि कोणत्या चाळणीत काय अडकतं ते बघायचं.

सारखं देणं आणि पुरेसं देणं

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला लागतात. समानता म्हणजे सगळ्यांना सारखं. समन्याय म्हणजे ज्याला जेवढं लागतं तेवढं.

पाटबंधारे खात्याने प्रत्येक शेताला बरोबर एक तास दार उघडून दिलं, तर ती समानता झाली. पण हेडला त्या एका तासात शेत तुडुंब भरतं. टेलला पाणी पोचेपर्यंत अर्धं जमिनीत मुरलेलं असतं. म्हणून ज्या गावांनी शहाणपणा दाखवला तिथे 'टेल टू हेड' पाणी देतात. आधी शेवटचं शेत भिजवायचं, मग वर वर यायचं. टेलवाल्यावर कुणी मेहरबानी करत नाही. पाणी वाहतं कसं, गळतं कुठे, याचा तो हिशेब आहे.

आपल्या सरकारी निकषांत हे तत्त्व आधीपासून आहे, हे फार जणांना माहीत नसतं. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रमाण असंच ३०,००० आणि २०,०००. ज्याने हे लिहिलं त्याला ठाऊक होतं की डोंगरातले ३,००० लोक म्हणजे पंधरा पाडे, मध्ये तीन ओढे आणि चार महिने चिखल. फक्त कागदावर इमारत मंजूर होते, आणि तिथे रुजू होणारा डॉक्टर महिन्याभरात बदलीचा अर्ज घेऊन जिल्हा परिषदेत उभा असतो.

एका माणसाचं दुखणं, अख्ख्या गावाचं दुखणं

दुसरी कल्पना जरा वळणाची आहे. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने ती १९८५ मध्ये मांडली. डॉक्टरसमोर रक्तदाबाचा रुग्ण बसलेला असतो तेव्हा डॉक्टर विचारतो, या माणसाचा रक्तदाब का वाढला? रोझ म्हणाला, हा एक प्रश्न झाला. अख्ख्या गावाचाच रक्तदाब शेजारच्या गावापेक्षा चढा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या माणसाच्या रक्तात किंवा घराण्यात मिळेल. दुसऱ्याचं तिथे मिळणार नाही. ते गावाच्या लोणच्यात, कामाच्या वेळांत, पाण्यात असेल. लोकसमूहाचं आरोग्य म्हणतात ते हे. एकेका रुग्णाची बेरीज करून ते दिसत नाही.

आपल्याकडचं याचं सुंदर उदाहरण हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यातलं आहे. तिथे घराघरांत गलगंड. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, मधल्या भागाला साधं. कुणाला गोळी दिली नाही, कुणाला रांगेत उभं केलं नाही, कुणाकडे ओळखपत्र मागितलं नाही. काही वर्षांत आयोडीनवाल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. मधल्या भागात जवळपास होतं तिथेच राहिलं. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं.

यातली गंमत बघा. मीठ श्रीमंत-गरीब बघत नाही. जो बाजारात जातो त्याच्या पिशवीत ते आपोआप येतं. ज्या उपायासाठी माणसाला काहीच करावं लागत नाही, तो टेलपर्यंत सहज पोचतो. ज्यासाठी फॉर्म भरावा लागतो, तालुक्याला जावं लागतं, रोजगार बुडवावा लागतो, तो उपाय वाटेतच मुरतो. कुठलीही नवी आरोग्य योजना जाहीर झाली की मी सवयीने आधी एवढंच बघतो: हिच्यासाठी गरिबाला किती वेळा एसटीत बसावं लागेल?

पाणी हेडलाच का राहतं

वेल्समधल्या खाणकामगारांच्या ग्लिनकॉरग नावाच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. बाजाराचा जोर जितका जास्त तितका हा नियम कडक. पुण्यात एखाद्या रस्त्यावर उभं राहून डाव्या-उजव्या बाजूला दवाखान्यांच्या पाट्या मोजा, आणि मग गडचिरोलीतल्या एटापल्लीत किंवा नंदुरबारमधल्या धडगावात मोजा. ट्यूडर हार्ट यांना वेगळा पुरावा द्यायची गरज नाही.

ब्राझीलच्या सेझर व्हिक्टोरा यांनी २००० मध्ये यात एक भर घातली. कुठलाही नवा उपाय निघाला, लस असो की तपासणी, तो आधी ज्यांना सगळ्यात कमी गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचतो. त्यामुळे सुरुवातीला सरासरी सुधारते आणि दरीही रुंदावते. वरच्यांचं भरून ओसंडलं की मग खाली झिरपायला लागतं. 'देशाचा दर घटला' आणि 'पाड्यावर बाळं गेली' या दोन बातम्या एकाच वर्तमानपत्रात का येतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आणि हेडवाल्यांचं तरी भलं होतं का? सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात विचारा. पाणी फार झालं की जमीन चोपण होते, वर पांढरं मीठ येतं, पीक जळतं. आरोग्यातही तेच. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतली सुमारे ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. पुण्या-मुंबईतल्या बाईचं पोट गरज नसताना कापलं जातं आणि दुर्गम पाड्यावरच्या बाईचं गरज असताना कापायला कुणी नसतं. दोन्ही एकाच कालव्याची करणी.

'दवाखान्यात गर्दीच नाही, मग डॉक्टर कशाला?'

हा आक्षेप मी सुशिक्षित लोकांकडून ऐकलाय. ओपीडीची वही रिकामी म्हणजे तिथे लोक निरोगी, असा सरळ हिशेब.

याला गडचिरोलीतून उत्तर मिळालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला. आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगाचं लक्ष गेलं, कारण तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. अंगावरून जाणारं पांढरं पाणी, पाठीतली कळ, यांचं दुःख बायका अंगावर काढत होत्या. सांगायचं कुणाला? तपासायला पुरुष डॉक्टर, तोही तीस किलोमीटरवर.

म्हणून समन्यायाचा अभ्यास करणारा माणूस रुग्णालयाच्या वहीवर भरवसा ठेवत नाही. तो घरोघर जातो. मृत्यूचा दाखला नसेल तर आईजवळ बसून विचारतो: बाळ रडत होतं का, अंग गार पडलं होतं का, दूध ओढत होतं का, श्वास कसा चालला होता. त्या उत्तरांवरून मृत्यूचं कारण ठरवायची एक पद्धतच आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने हेच केलं, आणि सरकारी नोंदीत दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं प्रत्यक्षात मरतायत, असं दाखवून दिलं. नोंदवहीतून जे गळतात ते बहुतेक टेलचेच असतात. मोजायलाच कुणी गेलेलं नसतं.

मण्यांची पाटी आणि झोळीचा काटा

आता समन्यायाचं संशोधन प्रत्यक्षात कसं दिसतं, ते जरा जवळून बघू.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गडचिरोलीतल्या त्या खेड्यांत हजारी ६० च्या आसपास बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जात होती. वैद्यकशास्त्राचं ठरलेलं उत्तर होतं: आजारी नवजात बाळाला रुग्णालयात न्या. पण बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाहीत. रुग्णालय लांब, वाहन नाही, हाताशी पैसे नाहीत. बाळ रुग्णालयापर्यंत येत नाही, ही वस्तुस्थिती. ती बदलेपर्यंत थांबायचं, की रुग्णालय बाळापर्यंत न्यायचं?

'सर्च'ने दुसरा रस्ता धरला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला ती हजर राहायची. बाळ रडलं नाही तर पिशवी-मास्कने श्वास द्यायची. कापडी झोळीत बाळ ठेवून स्प्रिंगच्या काट्याला अडकवायची आणि वजन वाचायची. थर्मामीटर लावायची. त्यानंतर पुन्हा पुन्हा त्या घरी जायची. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली आणि घरचे रुग्णालयात न्यायला तयार नसले, तर ती जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन स्वतः द्यायची. अनेक डॉक्टरांच्या भुवया इथे वर गेल्या. खेड्यातली बाई, आणि नवजात बाळाला सुई?

त्याआधी, न्यूमोनियाच्या कामात, याहून मोठी अडचण आली होती. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचे ५० किंवा जास्त असले तर धोका. पण गावातल्या सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं; त्यांची मोजणी डझनाच्या आसपास थांबायची. मग एक साधी पाटी बनवली. त्यावर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. निरक्षर सुईण हे काम बिनचूक करायला लागली. यंत्रापेक्षा मला यातली दृष्टी भावते. सुईण शिकलेली नाही म्हणून काम होणार नाही, असं म्हणून थांबता आलं असतं. इथे पाटीलाच सुइणीजवळ आणलं.

नवजात बाळांच्या कामाची चाचणी नीट आखलेली होती. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावांत नेहमीचीच सरकारी व्यवस्था, म्हणजे तुलनेला जोड. अशी जोड नसेल तर 'पाऊसपाणी बरं झालं म्हणून मुलं वाचली' असंही म्हणता येतं. सेवेच्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ वरून सुमारे २५ वर आलं. तुलनेच्या गावांत ते ६० च्या घरातच राहिलं. हा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर आशांकडे, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांकडे, सोपवला: रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक.

या सहा भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये. पगार नव्हे, मोबदला, कारण कागदोपत्री तिचं पद 'आशा स्वयंसेविका' आहे. कालव्याचा शेवटचा मैल जिने डोक्यावरून पाणी वाहायचं तिला आपण स्वयंसेवक म्हणतो. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या. तेव्हा शहरातल्या किती जणांना जाणवलं की काही बंद पडलंय? टेलचं पाणी बंद झालं तर हेडला कळत नाही.

'पण हे लोक व्यसनं करतात, ऐकत नाहीत'

सगळ्यात जुना आक्षेप. तंबाखू खातात, दारू पितात, लवकर लग्नं लावतात, मग दोष कुणाचा?

इंग्लंडमध्ये मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. १९६७ मध्ये सुरू झालेला, व्हाइटहॉलचा अभ्यास म्हणून ओळखला जाणारा. यात कुणीच दारिद्र्यरेषेखालचा नव्हता. सगळ्यांना पक्की नोकरी आणि फुकट सरकारी आरोग्यसेवा. तरीही शिपाई-निरोप्यांच्या पातळीवरच्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. आणि मधल्या पायऱ्यांवर जिना उतरावा तसं दिसलं. दोन नंबरचा अधिकारी एक नंबरच्यापेक्षा थोडा जास्त धोक्यात, तिसरा त्याहून जास्त. विडी-सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा निम्म्याहून कमी भाग सुटला.

तेव्हा व्यसन खरं आहे, पण पूर्ण उत्तर नाही. शिवाय व्यसनसुद्धा आकाशातून पडत नाही. ऊसतोडीच्या फडावर पहाटे तीनला उठणारी बाई तोंडात मिश्री का धरते, हे फडावर जाऊनच कळेल.

'आता विमा आहे ना?'

आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ ची, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसाठी या योजनांनी अनेक घरं सावकाराच्या दारातून परत आणली आहेत. हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण विमा प्रामुख्याने भरती झाल्यावर चालतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, तपासण्या, जाण्या-येण्याचं भाडं, त्या दिवसाची बुडालेली मजुरी यांना तो हात लावत नाही, आणि आपल्याकडे लोक खिशातून जो खर्च करतात त्यातला सगळ्यात मोठा वाटा औषधांचाच असतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी दर शंभर रुपयांतले एकोणचाळीस रुपये अजून आजारी माणूसच काढतोय. सरकारचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के झाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं वचन दिलं होतं.

दुसरी गोष्ट भूगोलाची. विमा म्हणजे पाण्याचा परवाना. परवाना हातात असून चारीच नसेल तर? संलग्न रुग्णालय दोनशे किलोमीटरवर असलं की कार्डाची लॅमिनेशन केलेली प्रत ट्रंकेत राहते.

चिठ्ठीवर डाळ-तांदूळ

शेवटचं उदाहरण क्षयरोगाचं, कारण समन्यायाचा मुद्दा जिथे कल्पनेतून बाहेर पडून वजनकाट्यावर येतो ते हे.

मुंबईच्या गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला. झोपडपट्टीतून लोकांना पक्क्या घरात हलवलं, नळ दिला, संडास दिला. पण काही वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून की मध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावायचा. जिथे उजेड आणि वारा नाही तिथे क्षयाचं प्रमाण मोकळ्या बांधणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्या लिहू शकतो. ऊन कसं लिहिणार? ते नगररचनेच्या नियमात लिहायला लागतं.

अन्न मात्र चिठ्ठीवर लिहून बघितलं गेलं. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत ही चाचणी केली. सगळ्या रुग्णांना नेहमीची औषधं आणि दर महिन्याला दहा किलोचा शिधा. त्यातल्या निम्म्या भागांत रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही: माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दहा हजारांवर कुटुंबीय या अभ्यासात होते. निकाल २०२३ मध्ये आले. ज्या घरांत कुटुंबीयांनाही शिधा मिळाला तिथे नव्या क्षयरुग्णांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्याला लागण करू शकणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. एखाद्या लसीने एवढं केलं असतं तर पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळा झाला असता. तूरडाळीला कोण मथळा देतो?

सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये देत होती, २०२४ च्या अखेरीपासून १,००० रुपये देते. रुग्णाला. घरच्यांच्या ताटासाठी या योजनेत काही नाही.

'टेलला दिलं तर हेडचं कमी होणार'

हा आक्षेप फारसं कुणी उघड बोलत नाही, पण अंदाजपत्रक ठरताना खोलीत तोच बसलेला असतो. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने घेतले, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेलेला आढळला. बाहेरच्या वस्त्यांत १६ टक्के. बंद फ्लॅटमध्ये बसलेल्यांचं दूध, भाजी, कचरा, लिफ्टची दुरुस्ती, सगळं त्या ५७ टक्क्यांतूनच येत होतं. क्षयाचंही तसंच, तो लोकलच्या डब्यात पास तपासून चढत नाही.

धारणीचा आकडा

पुढच्या वेळी 'अर्भक मृत्यू दर घटला' ही चौकट आली की एक करून बघा. त्यात मेळघाटातल्या धारणी तालुक्याचा आकडा शोधा. नाही तर भामरागडचा, अक्कलकुव्याचा. सापडणार नाही. नमुना नोंदणी पाहणी राज्यापर्यंत येते, ग्रामीण-शहरी अशी फोड देते आणि तिथे थांबते, कारण जिल्ह्यापर्यंत खात्रीने बोलावं एवढा तिचा नमुनाच मोठा नाही. कुटुंब आरोग्य पाहणी प्रत्येक जिल्ह्याचं पत्रक काढते. त्यात लसीकरण आहे, रक्तक्षय आहे, शौचालय आहे, पण अर्भक मृत्यू दर नाही. तालुक्यापाशी तर दोघीही पोचत नाहीत. तिथे कोणतं बाळ कधी गेलं, हे लिहून ठेवणारी बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते: तिसऱ्या दिवशी काटा आणि झोळी घेऊन दारात येणारी आशा, आणि तिच्या पिशवीतली वही.